गेमच्या बीटामध्ये (बाजारात येण्याआधीच्या चाचणी आवृत्तीमध्ये) खेळाडूंनी दिलेल्या फीडबॅकचा खरंच काही उपयोग होतो का?

होतो, पण बीटा कधी आलाय ते आधी बघा.

‘बॅटलफील्ड २०४२’चा ओपन बीटा ऑक्टोबर २०२१ मध्ये आला आणि गेम नोव्हेंबरमध्ये. बीटातलं बिल्डही (म्हणजे खेळायला दिलेली गेमची प्रत) काही महिने जुनं. एवढ्या वेळात सर्व्हरवरचा ताण तपासतात, क्रॅश दुरुस्त करतात; मूळ रचनेला कोण हात लावणार? खरं सांगायचं तर असे बीटा बरेचसे जाहिरातीसाठीच असतात.

याउलट ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० पासून ऑगस्ट २०२३ पर्यंत अर्ली ॲक्सेसमध्ये होता, म्हणजे अपूर्ण असतानाच विकत घेऊन खेळता येत होता. त्यात ‘रिॲक्शन’ (शत्रूच्या चालीला लगेच दिलेलं प्रत्युत्तर) चालू ठेवली की पहिल्या संधीलाच आपोआप खर्ची पडायची. खेळाडूंनी बरीच ओरड केली. डिसेंबर २०२२ च्या पॅचपासून (सुधारित अपडेटपासून) गेम ऐन लढाईत थांबून ‘वापरू का?’ असं विचारू लागला. विल या पात्राची कथाही बरीचशी नव्याने लिहिली गेली.

आणि हो, ‘गेम बकवास आहे’ असं लिहून काही होत नाही. कुठल्या मॅपवर, काय केल्यावर, कुठल्या ग्राफिक्स कार्डवर अडकला ते लिहा. नाहीतरी तुम्ही कुठे मरता, कुठे गेम सोडता याची नोंद बहुतेक बीटांमध्ये आपोआप होतच असते.