जीटीओचं नंतर बघू, आधी एफबार

मिशिगनमधल्या नोव्हायहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४८, वाहन उद्योगात इंजिनिअर, २०१४ पासून ग्रीन कार्ड, दोन मुलं हायस्कुलात. ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर जुन्या गाड्यांचा मेळा भरतो, तिथे यांचा जीव १९६९ च्या पॉन्टिॲक जीटीओवर जडला. गाडी २८,००० डॉलरला मिळतेय आणि मालक म्हणतो ती 'जज', म्हणजे जीटीओची खास आवृत्ती, आहे. कारखान्यातून निघाली तशीच्या तशी करून द्यायचा वर्कशॉपचा अंदाज ६५,००० डॉलर. प्रश्न असा: तयार झाली की सव्वा लाखाला जाईल म्हणतात, तर गुंतवणूक म्हणून कशी?

पैसे कुठून आणणार, तेही त्यांनी लिहिलंय. तो परिच्छेद मी दोनदा वाचला. त्याच्याकडे येतोच.

आधी गाडी. २८ आणि ६५ मिळून ९३ हजार. पण पत्रा खरवडल्यावर खालून काय निघेल हे वर्कशॉपवाल्यालाही ठाऊक नसतं, त्यामुळे अंदाज ६५ चा असेल तर मी ८५ धरतो. झाले १,१३,०००. सव्वा लाखाला विकली आणि लिलावाचं कमिशन दहा टक्क्यांच्या आसपास गेलं, तर हातात १,१२,०००. म्हणजे तीन वर्षं गॅरेज अडवून, विमा भरून, बायकोची बोलणी खाऊन तुम्ही हजार डॉलर घालवलेत. आणि घरच्या वापराच्या गाडीत आलेला तोटा इथे करात वजाही मिळत नाही.

हे सगळं ती खरी जज असेल तर. १९६९ मध्ये जज हा जीटीओवर सुमारे ३३० डॉलर जादा देऊन घ्यायचा पर्याय होता. चासी नंबर २४२ ने सुरू झाला तर गाडी जीटीओ आहे एवढंच कळतं, जज आहे की नाही हे त्यात कुठेच नसतं. मागचा स्पॉयलर, फेंडरवरचे स्टिकर, बाहेरची चकचकीत रिंग नसलेली रॅली टू चाकं, सगळं आज नवं विकत मिळतं. साध्या जीटीओला हा साज चढवून 'जज' केलेल्या गाड्या ढिगाने आहेत. पॉन्टिॲकच्या बाबतीत बरं इतकंच, की पॉन्टिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडे कारखान्याच्या मूळ नोंदी आहेत. चासी नंबर दिला की त्या गाडीच्या मूळ बिलाची प्रत मिळते. त्यावर जजचा पर्याय नसेल, किंवा इंजिनाच्या ब्लॉकवर कोरलेला नंबर चासीशी जुळत नसेल, तर सव्वा लाख विसरा, निम्मे आले तरी नशीब. हौस म्हणून घ्यायची तर जरूर घ्या, मला जुन्या इंजिनाचा आवाज आवडतो. फक्त तिला गुंतवणूक म्हणू नका.

आता तो परिच्छेद. "पुण्यातले म्युच्युअल फंड ६० लाखांचे झालेत (२० लाख गुंतवले होते), ते मोडीन. एनआरईची (अनिवासी भारतीयाच्या खात्यातली) १८ लाखांची एफडी आणि युलिप (विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेली पॉलिसी) तसंच ठेवीन, दोन्ही करमुक्त आहेत. भारतात टीडीएस कापला जातो, म्हणून इथल्या रिटर्नमध्ये परदेशी खात्याचा प्रश्न येतो तिथे मी 'नाही' म्हणतो."

अहो! तो प्रश्न शेड्यूल बी या रिटर्नच्या पुरवणीच्या तळाशी असतो आणि त्या रिटर्नवर तुमची सही असते. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तरी एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा फॉर्म, भरावा लागतो. कर लागू होवो वा न होवो. तुमचे ६०, १८ आणि युलिपमधले १७ मिळून ९५ लाख, डॉलरला ८५ रुपये धरले तर १,१२,००० डॉलर. यावर परदेशी मालमत्तेचा फॉर्म ८९३८ सुद्धा आलाच. आणि हे लपून राहील असं समजू नका. भारत आणि अमेरिकेत २०१५ पासून खात्यांची माहिती देण्याचा करार आहे. फंड कंपनीने केवायसीच्या वेळी तुमच्याकडून याच माहितीसाठीचा 'फॅटका' फॉर्म भरून घेतला असेल, आठवून बघा.

एनआरईचं व्याज करमुक्त आहे ते भारतात. अमेरिकेत त्यावर कर लागतो. १८ लाखांवर सात टक्क्यांनी वर्षाला दीड हजार डॉलर उत्पन्न, जे तुम्ही कधी दाखवलंच नाही.

फंडांचं दुखणं याहून मोठं. भारतीय म्युच्युअल फंड अमेरिकेच्या कायद्यात 'पीफिक', म्हणजे मुख्यतः गुंतवणुकीवर कमावणारी परदेशी कंपनी, ठरतात, फॉर्म ८६२१ चं प्रकरण. वेळेवर कुठला पर्याय निवडला नसेल, तर विकताना नफा सगळ्या वर्षांवर वाटला जातो, मागच्या वर्षांच्या वाट्यावर सर्वांत वरच्या दराने कर आणि वर उशिराचं व्याज. नफा ४० लाख म्हणजे ४७,००० डॉलर. त्यातले कर-व्याजाचे बावीस हजार गेले असं धरा. भारतात नफ्यावर भराल त्या साडेबारा टक्के कराची इथे पूर्ण वजावट मिळेलच असं नाही, तीन हजार ठेवा. मागची चूक सुधारायचा दंड एकूण शिल्लकेच्या पाच टक्के, साडेपाच हजार. एफडीच्या व्याजावरचा कर हजार, वकील आणि सीपीए (इथला सीए) आठ हजार. ६० लाखांच्या सत्तर हजार डॉलरमधून उरले तीस. त्यात गाडी येते, दुरुस्ती येत नाही.

युलिपबद्दल मला राग आवरत नाही. वर्षाला पाच लाखांचा हप्ता, तीन भरून झाले. सुट्टीत पुण्याला गेलात तेव्हा बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने चहा पाजून गळ्यात मारलं असणार. फेब्रुवारी २०२१ नंतर घेतलेल्या युलिपचा हप्ता वर्षाला अडीच लाखांच्या वर असेल, तर मुदतीनंतरची रक्कम भारतातसुद्धा करमुक्त नसते. म्हणजे 'करमुक्त' हा शब्द तिथेही खोटा, इथे तर त्याला अर्थच नाही. इथल्या नियमाने परदेशी आयुर्विमा हप्त्यावर एक टक्का अबकारी कर लागतो, तो तुम्हाला कुणी सांगितला नसेलच. पुढचा हप्ता खात्यातून आपोआप जाणार असेल तर ती सूचना आजच रद्द करा. चौथ्या वर्षी थांबण्याचं शुल्क दोन हजार रुपयांच्या पुढे जात नाही. पैसे पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मिळतील. मॅनेजरचा फोन येईल, "सर, नुकसान होईल" म्हणेल. उचलू नका.

आणि आता नीट वाचा. 'मी नाही म्हणतो' हे वाक्य पुन्हा कुणाला ई-मेलने लिहू नका, मलासुद्धा नाही. चूक अजाणता झाली की जाणूनबुजून, यावर सगळं अवलंबून आहे. अजाणता असेल तर 'स्ट्रीमलाइन्ड' नावाची वाट आहे: तीन वर्षांची सुधारित रिटर्न, सहा वर्षांचे एफबार, पाच टक्के दंड. जाणूनबुजून ठरली तर एफबारचा दंड खात्यातल्या निम्म्या रकमेपर्यंत आणि त्याच्याही वर जाऊ शकतो. म्हणून आधी टॅक्सचा वकील गाठा, सीपीए त्याच्यामार्फत. वकिलाशी बोललेलं गुप्त राहतं. आयआरएसने, म्हणजे इथल्या आयकर खात्याने, चौकशी सुरू केली की ही वाट बंद होते. गुपचूप यंदापासून 'हो' लिहायला लागू, असा विचार मनात आला असेल तर तोही सोडा. वकिलाने सांगेपर्यंत फंडाचं एकही युनिट विकू नका, कदाचित वर सांगितलेल्या बावीस हजारांतले काही तो वाचवेल.

वकिलाची वेळ मिळायला आठवडा-दोन आठवडे जातील. तोवर हात शिवशिवत असतील तर जीटीओवाल्याकडून चासी नंबरचा फोटो मागवा आणि मूळ बिलाची प्रत काढा. फोटो पाठवायला तो का-कू करू लागला, तर तुमचे २८,००० तिथेच वाचले.