तो नेमका कधी बिथरतो?

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुमचे पाच पानी पत्र मी दोनदा वाचले. इतर वाचकांसाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगते. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तुम्ही राहता. मुलगा दहा वर्षांचा, पाचवीत आहे. दुसरीपर्यंत तो खोडकर, पण लाघवी होता. तिसरीपासून चिडका झाला आणि शाळेतून चिठ्ठ्या येऊ लागल्या. गेल्या महिन्यात मोबाइल हातातून काढून घेतल्यावर त्याने भिरकावलेला तांब्या आजीच्या कपाळाला लागला आणि खोक पडली. अशा वेळी यजमान पट्टा काढतात. मुख्याध्यापकांनी ‘दाखला काढून न्या’ असे तोंडी सांगितले आहे. थोरल्या दिरांनी ‘अशा मुलांना सरळ करणाऱ्या’ एका निवासी शाळेचा पत्ता आणून दिला आहे. आणि तुम्ही रात्र रात्र जागून ‘कंडक्ट डिसॉर्डर’बद्दल, म्हणजे सतत नियम मोडण्याच्या आणि इतरांना त्रास देण्याच्या वर्तणुकीच्या विकाराबद्दल, इंटरनेटवर वाचता आहात आणि मला विचारता आहात, की अशी मुले पुढे गुन्हेगार होतात असेच संशोधन सांगते ना?

नाही, संशोधन असे सांगत नाही, आणि हे मी तुम्हाला केवळ धीर देण्यासाठी म्हणत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात लहानपणी बालमार्गदर्शन केंद्रात आणलेल्या पाचशेहून अधिक मुलांचा ली रॉबिन्स या संशोधिकेने सुमारे तीस वर्षांनी माग काढला आणि १९६६ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातून निघालेली गोष्ट दुहेरी आहे: मोठेपणी सतत गुन्हेगारीच्या वाटेवर असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या बालपणात अशी वर्तणूक दिसते, पण अशी वर्तणूक असलेली बहुतेक मुले मोठेपणी तशी होत नाहीत. तुम्ही जे वाचलेत ते पहिले अर्धे वाक्य होते. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या १,०३७ मुलांचा आजवर पाठपुरावा चालू आहे, आणि त्या अभ्यासाच्या आधारे मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये दाखवले, की लहानपणापासून मोठेपणापर्यंत टिकून राहणारा त्रास थोड्याच मुलांत असतो. मात्र त्रास लहान वयात सुरू झाला असेल तर वाट पाहू नये, हेही तेच संशोधन सांगते, आणि म्हणून तुम्ही आत्ता लिहिलेत हे योग्य झाले.

तुमच्या पत्रात ‘त्याचा स्वभावच असा’ हे शब्द सात वेळा आले आहेत. माझी विनंती आहे, की पुढचा महिनाभर हा शब्द बाजूला ठेवावा आणि तो नेमका कधी बिथरतो, त्याच्या आधी काय घडलेले असते आणि त्यानंतर त्याला काय मिळते, एवढेच पाहावे. तुम्ही स्वतःच एक प्रसंग इतका बारकाईने लिहिला आहे, की मी तो जसाच्या तसा घेते. रात्री साडेआठला तुम्ही म्हणता, ‘मोबाइल ठेव, जेवायला ये.’ तो म्हणतो, ‘पाच मिनिटं.’ तुम्ही पुन्हा सांगता, मग आवाज चढवता. तो ताट ढकलतो, आमटी ओट्याखाली सांडते. सासूबाई म्हणतात, ‘दे गं बाई, जेवू दे लेकराला सुखानं,’ आणि तुम्ही दिवसभराच्या थकव्याने मोबाइल त्याच्या हाती देता. घर शांत होते.

अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्यातले मानसशास्त्रज्ञ जेरल्ड पॅटरसन आणि त्यांचे सहकारी कित्येक कुटुंबांच्या घरात जाऊन बसले आणि दर काही सेकंदांनी कोण काय बोलले, कोणी काय केले याची नोंद करत राहिले. १९८२ मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष तुमच्या स्वयंपाकघराला तंतोतंत लागू पडतो. ताट ढकलल्यावर सांगणे थांबते, हे मुलगा शिकतो. मोबाइल दिल्यावर आरडाओरडा थांबतो, हे आई शिकते. दोघांनाही क्षणभर सुटका मिळते आणि त्या सुटकेपोटीच दुसऱ्या दिवशी ताट थोडे लवकर ढकलले जाते. यात कोणी दुष्ट नाही आणि तुम्ही वाईट आई तर मुळीच नाही. दमलेल्या माणसांच्या कोणत्याही घरात हे सहज घडते. पण हे शिकले गेलेले आहे, म्हणून ते बदलता येते. अशा वर्तणुकीवर आजवर सर्वांत भक्कम पुरावा असलेले उपाय मुलाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, पालकांना शिकवण्याचे आहेत, ते याच कारणाने.

म्हणून मोबाइलची वेळ आधी ठरवा, ती तिघांनाही, म्हणजे यजमानांना आणि सासूबाईंनाही, मान्य असू द्या, आणि एकदा ‘नाही’ म्हटल्यावर ताट ढकलले तरी ते ‘हो’ होऊ देऊ नका. पहिला आठवडाभर त्याचा त्रागा वाढेल. त्या वाढीला घाबरून चौथ्या दिवशी मोबाइल दिलात, तर अधिक जोराने ढकलावे लागते एवढेच त्याला समजेल. आणि याहून महत्त्वाचे म्हणजे, तो पहिल्या हाकेला उठला तर त्याच क्षणी त्याला तसे सांगा: ‘एका हाकेत आलास, मला बरं वाटलं.’ ‘शहाणा माझा’ अशा मोघम कौतुकापेक्षा नेमके काय आवडले ते सांगितलेले मुलाला कळते. तुमच्या पाच पानांत त्याला कोणी चांगले म्हटल्याची नोंद एकदाच आहे, आणि ती त्याच्या मामाने केलेली आहे.

यजमानांशी तुम्हाला बोलावेच लागेल. मारण्याने वागणे सुधारते का, या प्रश्नावरचे ७५ अभ्यास आणि सुमारे एक लाख साठ हजार मुलांची माहिती २०१६ मध्ये एकत्र तपासली गेली. ही पट्ट्याची गोष्ट नव्हे, साध्या चापटीची होती. तरीही मार आणि वाढती आक्रमकता यांचाच संबंध दिसला, सुधारणेचा नाही. पट्टा आजच थांबायला हवा, यावर मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही.

दिरांनी दिलेला पत्ता त्यांना आदराने परत करा. त्यांचा हेतू चांगला असेल, पण बिथरलेल्या मुलांना एकत्र ठेवण्याचा अनुभव वाईट आहे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात १९३९ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या उपक्रमात मुलांना वर्षानुवर्षे मार्गदर्शन, शिकवणी, उन्हाळी शिबिरे असे सारे काही दिले गेले. जोन मॅकॉर्ड या संशोधिकेने तीस वर्षांनी तपासले तेव्हा मदत मिळालेल्या मुलांचे हाल मदत न मिळालेल्या मुलांपेक्षा काही बाबतींत अधिक वाईट निघाले. पुढे १९९९ मध्ये मॅकॉर्ड यांनी इतर संशोधकांसह यामागचे एक संभाव्य कारण मांडले: अशी मुले एकत्र आली की नियम मोडण्याच्या गोष्टींवर हशा आणि शाबासकी मिळते, आणि एकमेकांकडून ती तेच शिकतात. दहा वर्षांच्या मुलाला घरापासून तोडून अशा सोबतीत टाकण्याचे धाडस करू नये.

आता शाळेकडे येते, कारण पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ तिथली आहे आणि तुम्ही ती सहज लिहून पुढे गेला आहात. बाईंनी ‘वाचायला उठवलं की बाक आपटतो’ अशी तक्रार केली आहे. चारही चिठ्ठ्या मी पुन्हा पाहिल्या. तीन मराठीच्या तासाच्या आहेत, एक इंग्रजीची. तोंडी गणिताची एकही नाही, खेळाच्या तासाची एकही नाही. शिवाय त्रास तिसरीत सुरू झाला, म्हणजे धडे लांब होतात आणि मुलाने स्वतः वाचून समजून घ्यावे अशी अपेक्षा सुरू होते त्या सुमारास. इंग्लंडच्या आइल ऑफ वाइट बेटावर मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात दहा-अकरा वर्षांच्या मुलांची पाहणी केली, तेव्हा वाचनात फार मागे असणे आणि वर्तणुकीचा त्रास या दोन गोष्टी अनेक मुलांत एकत्र आढळल्या. चाळीस मुलांसमोर अडखळण्यापेक्षा बाक आपटून वर्गाबाहेर जाणे एखाद्या मुलाला सोपे वाटू शकते. पत्रावरून निदान करता येत नाही आणि मी ते करणार नाही, पण या रविवारी त्याला शेजारी घेऊन, न रागावता, न वाचलेल्या धड्याचे एक पान वाचायला सांगा. तो जोडाक्षरांशी थांबतो का, ओळ गाळतो का, चित्र पाहून अंदाजाने शब्द म्हणतो का, हे नंतर वहीत टिपून ठेवा.

ही वही आणि चिठ्ठ्या घेऊन जिल्हा रुग्णालयात जा. तिथल्या जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि वाचनातील अडचण किंवा अतिचंचलता यांचाही त्यात विचार होतो. मानसोपचार तज्ज्ञांनाही तिथेच भेटता येईल. त्याआधी कोणाशी बोलावेसे वाटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. त्याने स्वतःला इजा करण्याची भाषा केली, आग लावली किंवा मुक्या प्राण्याला छळले, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी जा.

दाखल्याचा अर्ज तुम्ही लिहून देऊ नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र हा कायदा लागू नाही. मुख्याध्यापकांचा आग्रह कायम राहिला तर तो लेखी मागा आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटा. पण आधी बाईंना भेटून एवढेच सांगा, की तपासणी होईपर्यंत त्याला वर्गासमोर वाचायला उभे करू नये.

मामाकडे तो शहाण्यासारखा वागतो म्हणून सासूबाई त्याला ‘नाटकी’ म्हणतात. त्यांना सांगा, की १९८७ मध्ये टॉमस आकेनबाख आणि सहकाऱ्यांनी ११९ अभ्यास एकत्र पाहिले, तेव्हा एकाच मुलाविषयी पालक आणि शिक्षक यांची मते फारशी जुळत नसल्याचेच दिसले. मुले जागेप्रमाणे वेगळी वागतात. मामाच्या घरी काय वेगळे घडते, हे मात्र तुम्ही भावाला अवश्य विचारा.

पत्राच्या शेवटी, सहीच्या खाली, तुम्ही एक ओळ जोडली आहे: तांब्या लागला त्या रात्री, घरात सगळे झोपल्यावर, तो न सांगता उठला आणि वाटीत हळद कालवून आजीच्या उशाशी बसून राहिला. दुसऱ्याच्या वेदनेचे मुलाला काही वाटते की नाही, याला या क्षेत्रातले तज्ज्ञ फार महत्त्व देतात. ज्यांना ते वाटत नाही त्या मुलांची वाट अधिक अवघड असते, म्हणून २०१३ पासून निदानातही त्याची वेगळी नोंद केली जाते. डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा तांब्याच्या आधी या हळदीबद्दल सांगा, आणि तो तुमच्या शेजारी बसून ऐकत असताना सांगा.