मेल्ड १५ आणि नेटवरचे ‘तीन महिने’

तासगावहून तुम्ही विचारलंय की वडील ५८ वर्षांचे, सिरॉसिस (यकृत निबर होत जाण्याचं दुखणं), पोटात थोडं पाणी. अल्ब्युमिन २.६. बिलिरुबिन ३, आयएनआर (रक्त गोठण्याचा आकडा) १.५, क्रिएटिनिन १, या तिन्हींवरून मेल्ड, म्हणजे यकृताचं दुखणं किती गंभीर ते सांगणारा आकडा, १५. नेटवर ‘तीन महिने’ वाचलंत, तर तेवढेच दिवस राहिलेत का?

नाही. मेल्ड एवढंच सांगतो की अशा रुग्णांपैकी येत्या तीन महिन्यांत साधारण किती दगावतील. अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या यादीतल्या १० ते १९ मेल्डवाल्यांत हे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास निघालं होतं. पण म्हणून निर्धास्तही राहू नका. पोटात पाणी झालं की दुखणं पुढच्या टप्प्यात जातं. त्याआधीच्या टप्प्यातले निम्मे रुग्ण १२ वर्षांहून जास्त जगलेले दिसतात, नंतरचे निम्मे जेमतेम दोनेक वर्षं. या हिशेबात दारू सोडलेले आणि न सोडलेले एकत्रच धरलेत. वडील घेत असतील आणि आज सोडली, तर पुढच्या काही महिन्यांत मेल्डचा आकडा खाली येऊ शकतो.

मला जास्त खटकलं ते तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलेलं, की ते दिवसा पेंगतात आणि रात्री टक्क जागे असतात. मेल्डमध्ये हे कुठेच धरलेलं नसतं. चाइल्ड-पू गुणांत (यकृताचं दुखणं मोजायची दुसरी पद्धत; ए सौम्य, सी सर्वांत गंभीर) मात्र धरतात. तुमच्या रिपोर्टवरून ते ९ होतात, म्हणजे बी. ही झोप यकृतामुळे मेंदूवर झालेला परिणाम ठरली तर १०, म्हणजे सी. तेव्हा मिरजेला तपासणीला जाल तेव्हा हेच आधी सांगा. बद्धकोष्ठ, हात थरथरणं, सही वाकडी येणं, तेही सांगा. लॅक्टुलोज (शौचाला साफ होण्याचं औषध) दिलं तर दिवसाला दोन-तीन मऊ शौच होतील इतकंच घ्यायचं. जुलाब लागले तर उलट बिघडतं. तोवर त्यांच्या हाती गाडीची चावी देऊ नका.

‘डाळ-अंडी बंद करा’ हा सल्ला जुना झाला. दंडाचं मांस झडलं की माणूस खचतो, तेही आकड्यात येत नाही. वजनाच्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. रात्री झोपताना दूध-भाकरी द्या, यकृताला लांब उपास सोसत नाही. मिठावर मात्र दया नको : लोणचं, पापड आणि (सांगलीकरांनो, माफ करा) भडंग बंद. अंगदुखीच्या गोळ्या मनाने नकोत, काविळीचा झाडपालाही नको.

पोटात पाणी आणि मेल्ड १५, एवढ्यावर पुण्याला प्रत्यारोपणाचं मत घ्यायला हरकत नाही. मत घेतलं म्हणजे लगेच ऑपरेशन असं नसतं. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांसाठी दुर्बिणीची तपासणी झाली आहे का, तेवढं कळवा.