पावसाळ्यात धबधब्याचे फोटो पांढरेफटक येतात. सेटिंग काय ठेवावी आणि जायचं कुठल्या ऋतूत?

तुम्ही लिहिलंय की नवीन कॅमेरा घेतला, सोबत आलेली १८-५५ मिमीची लेन्स आहे, जुलैत ठोसेघरला गेलात आणि फोटोत पाणी म्हणजे नुसता चुन्याचा पट्टा आलाय. मी साताऱ्याचा. ठोसेघरचा धबधबा, कासचं पठार, भांबवलीचा वजराई धबधबा, सडावाघापूर हे माझं वर्षभराचं फिरणं आहे, त्यामुळे तिथलंच सांगतो. सह्याद्रीत इतरत्रही हे बहुतेक लागू पडेल.

आधी पांढरेपणाचं. कॅमेऱ्याचं मीटर समोरचं सगळं दृश्य मध्यम राखाडी धरून उजेड मोजतं. आपला कातळ बेसॉल्टचा, मुळात काळा, भिजला की आणखी काळा. चौकटीचा मोठा भाग असा काळा असला की मीटर अंधार समजून उजेड वाढवतं आणि त्यात पाणी जळून जातं. म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय, उणे दोन-तृतीयांश ते उणे एकवर ठेवून सुरुवात करा. स्क्रीनवर जळालेला भाग लुकलुकून दाखवायची सोय असते, ती चालू ठेवा आणि लुकलुक थांबेपर्यंत उजेड कमी करत जा. फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती जपणाऱ्या कच्च्या फाइलमध्येच काढा. कातळातला काळोख घरी बसून उजळता येतो, जळालेलं पाणी परत येत नाही. धुक्यात मात्र बरोबर उलटं करायचं. सगळी चौकट पांढरी असल्यामुळे मीटर तिला मळकट करतं, तिथे अधिक दोन-तृतीयांश द्या.

आता शटर, म्हणजे सेन्सरवर उजेड किती वेळ पडू द्यायचा ते. पाणी रेशमासारखं दिसावं म्हणून सरसकट दोन-तीन सेकंद ठेवायची पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. जुलैतल्या भरलेल्या धबधब्याला दोन सेकंद दिले की त्याचा जोर, त्यातल्या लाटा, कड्यावर आपटून उडणारे झोत सगळं पुसलं जातं. अशा पाण्याला १/२५० ते १/५०० सेकंद द्या, त्याचं वजन फोटोत उतरेल. सप्टेंबरात पाणी बारीक धारांनी उतरायला लागलं की १/४ ते १ सेकंद छान जमतं. धारा सलग होतात, पण एकमेकींपासून वेगळ्या राहतात. ढगाळ सकाळी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/११ ला (हा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) साधारण १/१५ सेकंद मिळतो. पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिरता फिल्टर, लावला की तो १/४ च्या आसपास येतो, नुसता उजेड कमी करणाऱ्या काळ्या एनडी फिल्टरची गरजही पडत नाही. एफ/२२ पर्यंत जाऊ नका, तिथे लेन्सची धार बोथट होते. एवढ्या शटरला ट्रायपॉड हवाच. वाऱ्याने झाडं हलत असतील तर त्याच जागेवरून एक फोटो मंद शटरचा पाण्यासाठी आणि एक वेगवान शटरचा पानांसाठी काढून ठेवा, दोन्ही नंतर जोडता येतात.

पैसे एकाच गोष्टीवर घालायचे असतील तर पोलरायझरवर घाला. ओल्या पानांवरची चकाकी तो काढतो आणि खालचा खरा हिरवा बाहेर येतो. हे काम संगणकावर नंतर होत नाही. पण तो शेवटपर्यंत फिरवू नका. ओल्या कातळाची थोडी चमक राहायला हवी, नाहीतर दगड कोरडा वाटतो.

ऋतूचं विचाराल तर माझं स्पष्ट मत आहे की पाणी सगळ्यात जास्त असतं तो काळ फोटोसाठी सगळ्यात चांगला नाही. मृग आणि आर्द्रात, म्हणजे साधारण जूनमध्ये, पठारावरचं पहिलं पाणी जांभ्याची माती घेऊन येतं, धबधबा तांबूस गढूळ असतो. पुनर्वसू-पुष्यात, म्हणजे जुलैत, पाणी प्रचंड, पण ठोसेघरच्या धबधबा बघायच्या गॅलरीत उभं राहिलं तरी समोरची दरी तासन् तास धुक्यात बुडालेली. त्या दिवसांत एकच युक्ती चालते: ट्रायपॉड लावून, चौकट ठरवून थांबायचं. धुकं अर्धं मिनिट फाटतं, तेवढ्यात फोटो होतो. निम्मा कडा धुक्यात आणि निम्मा उघडा, असा फोटो स्वच्छ हवेत कधीच मिळत नाही, म्हणून थांबणं सोडू नका. याच दिवसांत पाटण तालुक्यातल्या सडावाघापूरला उलटा धबधबा बघायला मिळतो. नैर्ऋत्येचा वारा कड्यावर आपटून वर चढतो आणि पडणारं पाणी उचलून परत पठारावर फेकतो. तिथे १/१००० किंवा त्याहून वेगवान शटर ठेवा. मंद शटरला ते थेंब नुसत्या धुरासारखे येतात आणि पाणी वर चाललंय हे कळतच नाही.

खरी वेळ येते ती पूर्वा-उत्तरा नक्षत्रांत, म्हणजे ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. पाणी निवळलेलं असतं, कड्याच्या पायऱ्या दिसायला लागतात, कातळाच्या खाचांत गवत आणि सोनकी फुललेली असते. ऊन-पावसाचा खेळ चालू असल्यामुळे ढगांना आकार येतो. कासवर तेरडा, गेंद, सीतेची आसवं यांचे गालिचे याच काळात. पश्चिम घाटातल्या इतर जागांबरोबर कास २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि गर्दीही वाढली. कृपा करून एका फोटोसाठी फुलांत पाय टाकू नका. कातळावर तिथे मातीचा जेमतेम पातळ थर आहे, तुडवला की ती जागा पुढच्या वर्षी उघडी पडते. वाटेवर बसूनच कॅमेरा जमिनीलगत धरला की पुढे फुलं आणि मागे ढग, असा फोटो १८ मिमीला, म्हणजे लेन्सच्या सगळ्यात रुंद टोकाला, उत्तम येतो.

इंद्रधनुष्य हवं असेल तर थोडं गणित लागतं. सूर्य पाठीशी असला पाहिजे, आणि आपल्या डोक्याच्या सावलीच्या दिशेपासून ४२ अंशांवर, तुषारांत, ते उमटतं. सह्याद्रीचे मोठे कडे कोकणाकडे, पश्चिमेला तोंड करून आहेत. सकाळी ते सावलीत असतात, तेव्हा धारांचे मऊ फोटो काढावेत. दुपार कलल्यावर कड्याच्या पायथ्याशी उभं राहून पूर्वेकडे पाहिलं की सूर्य आपोआप पाठीशी येतो. एक खबरदारी घ्या: पोलरायझर चुकीच्या कोनात असला तर इंद्रधनुष्य अख्खंच गायब होतं. तो फिरवून बघा, तिथून काटकोनात वळवला की रंग जास्त गडद होतात.

हिवाळ्यात धबधबे आटतात, तेव्हा पाण्याचा हट्ट सोडावा. नोव्हेंबर-डिसेंबरात पहाटे सज्जनगडावरून उरमोडीच्या खोऱ्यात धुकं साचलेलं दिसतं. रात्री गार झालेली जड हवा खाली उतरते म्हणून ते खोऱ्यातच बसतं, डोंगरमाथे वर मोकळे राहतात. सूर्य वर आला की तासाभरात ते विरतं. बामणोलीला शिवसागराच्या, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाच्या काठी संध्याकाळही सुंदर असते. फेब्रुवारीनंतर धूळ आणि वणव्यांचा धूर हवेत भरतो, लांबची दृश्यं फिकी पडतात. मग जवळचे विषय घ्यावेत, निष्पर्ण फांद्यांवरचे पळस, पांगारा, काटेसावर.

आणि मे महिना. धबधब्याचा फोटोग्राफर मे महिन्यात काय करणार, असं लोक विचारतात. मला तर वर्षभरातली ही सगळ्यात शिकवणारी फेरी वाटते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून हा डोंगर झाला. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातकट दगडाची पट्टी असते. ती मऊ, त्यामुळे आधी झिजते. वरचा कठीण थर आधार सुटून तुटतो आणि सरळ कडा तयार होतो. वजराई तीन टप्प्यांत का पडतो, पाणी कुठल्या कंगोऱ्यावर फुटून दोन धारा होतात, खाली डोह कुठे आहे, हे सगळं कोरड्या कातळावर उघडं वाचता येतं. मे महिन्यात स्थानिक माणूस बरोबर घेऊन तीच जागा समोरून बघा आणि फोटोची जागा ठरवून मोबाइलवर खूण करून ठेवा. पावसात धुक्याने दहा पावलांवरचं दिसेनासं होतं, तेव्हा ही खूणच उपयोगी पडते. वळवाच्या विजांचे फोटो चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांसह फार सुरेख येतात, पण ते लांबून, गाडीत बसूनच काढा. उघड्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, ट्रायपॉड घेऊन उभं राहणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

हे आणखी कळकळीने सांगतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. आपण उभे असू तिथे ऊन असलं तरी वरच्या पाणलोटात पाऊस झालेला असू शकतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पाला वाहून यायला लागला, आवाज बदलला, की ट्रायपॉड उचलायलाही थांबू नका, आधी वर चढा. प्रवाहाच्या मधल्या खडकावर उभं राहून फोटो काढूच नये. अतिवृष्टीत प्रशासन बऱ्याच ठिकाणी बंदी घालतं, ती पाळा. ठोसेघरला गॅलरीतून पलीकडच्या कड्याचे सगळे फोटो मिळतात, दरीत उतरायची गरजच नाही.

कॅमेऱ्याची काळजी थोडक्यात. लेन्सच्या तोंडावर हुड (थेंब अडवणारी कड) लावा, छत्री धरायला एक माणूस सोबत घ्या, मायक्रोफायबरची दोन-तीन फडकी प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी ठेवा. घाट चढताना एसी बंद ठेवा, नाहीतर गार लेन्स दमट हवेत गेल्या गेल्या वाफेने भरते. घरी आल्यावर कॅमेरा बंद बॅगेत ठेवू नका, बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, पुड्या ओल्या झाल्या की बदला.

तुमच्या १८-५५ला यातलं सगळं जमतं, नव्या लेन्सची घाई नको. उत्तरा नक्षत्र लागतं १३ सप्टेंबरच्या सुमारास. त्यानंतरच्या एखाद्या मंगळवारी किंवा बुधवारी या, कारण शनिवार-रविवारी कासच्या रस्त्यावरच दिवस जातो. सकाळी सातला ठोसेघर करा, दहाच्या आत आवरा. कासला हंगामात रोज ठरावीक लोकांनाच सोडतात, म्हणून त्याचं ऑनलाइन बुकिंग आधी करून दुपारनंतरची वेळ घ्या.