६० हजारांचं बजेट आहे. हेडफोनवर किती आणि अ‍ॅम्पवर (त्याला जोर देणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरवर) किती घालावेत? ३०० ओहमचा हेडफोन महागड्या अ‍ॅम्पशिवाय वाया जातो, हे खरं का?

नाही, खरं नाही. साठातले पन्नास हेडफोनवर घाला. आणि 'वाया जातो' असं तुम्हाला ज्यांनी सांगितलं त्यांना एवढंच विचारा, की किती व्होल्ट लागतात? आकडा सांगता आला नाही तर पुढचा सल्ला ऐकू नका.

'महागड्या अ‍ॅम्पशिवाय वाया' हाच सूर मी २०१५ च्या दिवाळीत माझ्या भावोजींच्या तोंडून ऐकलं, मिरजेला, आमच्या घरी. म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर उत्तर लिहायला बसलो.

माझ्याकडे तेव्हा सेनहायझरचा एचडी ६५० हा ३०० ओहमचाच हेडफोन होता, पुण्यात एकाकडून सेकंडहँड घेतलेला. अ‍ॅम्प बाबांनी बनवलेला. बाबांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान. २०११ मध्ये एका निनावी इंजिनिअरने 'ओ-टू' नावाच्या हेडफोन अ‍ॅम्पचं सर्किट सगळ्या मोजमापांसकट इंटरनेटवर खुलं केलं. एनडब्ल्यूएव्हीगाय या टोपणनावाने तो लिहायचा, २०१२ मध्ये लिहिणं थांबलं आणि माणूस दिसेनासा झाला. ते सर्किट मी बाबांना प्रिंट काढून दिलं. बाबांनी ते आठवडाभर गल्ल्यावर ठेवून वाचलं आणि म्हणाले, "हा माणूस फेकत नाही. प्रत्येक रेझिस्टर का घातला ते लिहिलंय." त्याला डीसी नव्हे, एसी अडॅप्टर लागतो. तसा बाजारात मिळेना, तेव्हा बाबांनी पंधरा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर स्वतः वाइंड केला. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आत काम झालं.

भावोजी त्या दिवाळीला स्वतःचा अ‍ॅम्प सॅकमध्ये घालून आले होते. पंच्याऐंशी हजारांचा, ट्रान्झिस्टरचा. माझा हेडफोन त्यांनी आधी त्यांच्या अ‍ॅम्पला लावला, मग बाबांच्या. दोन मिनिटं ऐकलं, हेडफोन काढला आणि म्हणाले, "यात जीवच नाही. साडेसहाशे उघडतच नाहीये." वर बाबांकडे बघून, "बाबा, मिरजेत बसून हाय-एंड कळत नसतं हो."

मिरजेत बसून! ज्या गावात तानपुऱ्याची जवारी (घोडीचा माथा घासून तारेला आणलेली गुंज) कानाने लावणारी घराणी आहेत, ज्या गल्लीत बाबांचं दुकान आहे तिथे दिवसभर कोणी ना कोणी घोडीवर कानस फिरवत तार छेडत असतं, तिथे बसून आवाज कळत नाही. बाबा काही बोलले नाहीत. पानं वाढली होती, सगळे जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. बाबा सकाळीच दुकान उघडून बसले. दुपारी आले तेव्हा हातात माझा शाळेतला टिफिनचा डबा. झाकणाला भोक पाडून टॉगल स्विच बसवलेला, बाजूला दोन अ‍ॅम्पच्या दोन पिना, समोर हेडफोनचं एक सॉकेट. स्विच वर केला की एक अ‍ॅम्प, खाली केला की दुसरा. म्हणाले, "जावईबापू, जीव म्हणजे तारेखाली सरकवायचा दोरा. तो असला की ऐकू येतो, नसला की नाही. तुमच्या अ‍ॅम्पमध्ये असेल तर आपण सगळे ऐकू."

गाणं नव्हतं लावलं. शेजारच्यांनी नुकताच जवारी केलेला तानपुरा मी रेकॉर्ड करून ठेवला होता, तो लावला. जवारी उघडी असली की खर्जाच्या तारेतून वरचे स्वर एकेक करून झिरपत येतात. उपकरणाने काही खाल्लं तर पहिलं तेच खाल्लं जातं. याहून कडक परीक्षा मला माहीत नाही.

पहिल्या फेरीत दोन्ही नॉब भावोजींनी 'कानाला सारखे' लावले आणि डोळे मिटले. ताई स्विच हलवत होती. पाचपैकी पाच वेळा त्यांनी आपला अ‍ॅम्प ओळखला. "बघा," म्हणाले. बाबांनी नुसती मान हलवली, लॅपटॉपवर ३०० हर्ट्झचा स्वर लावायला सांगितला आणि हेडफोन लावलेला असतानाच सॉकेटवर मीटर टेकवला. बाबांच्या अ‍ॅम्पवर ०.३१२ व्होल्ट. भावोजींच्या अ‍ॅम्पवर ०.३३८.

हा फरक ०.७ डेसिबलचा. एवढ्या फरकाला कान 'मोठा' म्हणत नाही. 'भरीव' म्हणतो, 'मोकळा' म्हणतो, 'जीव आहे' म्हणतो. सगळा उद्योग या फटीत चालतो.

बाबांनी नॉब फिरवून दोन्हीकडे ०.३१२ केलं. आता सोळा फेऱ्या. आई आतल्या खोलीत नाणं उडवायची, छापा-काटा कॅलेंडरच्या पाठीवर लिहायची आणि ताईला खूण करायची. सोळात नऊ बरोबर आले. नुसत्या अंदाजाने आठ येतात. कानाला खरंच फरक कळतो असं म्हणायला निदान बारा यायला हवे होते.

भावोजींचं म्हणणं, तुमच्या डब्यातल्या स्विचने दोन्हींचा आवाज मारला. दहा वर्षं ते हेच म्हणतायत. मी तेव्हाही विचारलं होतं, आता चार लोकांसमोर विचारतो: पहिल्या फेरीतही तोच स्विच होता. मग पाचपैकी पाच कसे आले?

आता तुमचे आकडे. एचडी ६५० एका व्होल्टला १०३ डेसिबल देतो. म्हणजे ३०० ओहममध्ये जेमतेम ३.३ मिलिवॅट. ११० डेसिबलची उसळी हवी असेल तर सव्वादोन व्होल्ट, १७ मिलिवॅट. बऱ्याच लॅपटॉपमधून, फोनच्या चांगल्या डोंगलमधून (फोनला हेडफोन जोडायच्या छोट्या जोडातून) एक व्होल्ट सहज मिळतो. त्यावर हा हेडफोन 'वाया' जात नाही, फक्त नॉब पुढे जातो. ओहम जास्त म्हणजे वॅट जास्त लागतात हा समजही खोटाच आहे. खरा खादाड बघायचा असेल तर हायफायमॅनचा जुना एचई-६ बघा. फक्त ५० ओहमचा, पण एका मिलिवॅटला ८३.५ डेसिबल. ११० ला न्यायला जवळजवळ ४५० मिलिवॅट. तो घेणार असाल तर माझं वरचं गणित सोडा आणि दांडगा अ‍ॅम्प घ्या.

अ‍ॅम्पकडून तीनच गोष्टी मागा. चार-पाच व्होल्ट द्यावेत, शांत असताना सरसर येऊ नये, आणि आउटपुट इम्पीडन्स (अ‍ॅम्पचा स्वतःचा आतला विरोध) एक-दोन ओहमच्या आत असावा. ओ-टूचा अर्ध्या ओहमच्या आसपास आहे. या तिन्ही गोष्टी आज दहा हजारांच्या आत मिळतात. त्यापुढचा खर्च होतो तो डब्याच्या जाड अ‍ॅल्युमिनियमचा.

व्हॉल्व्हच्या (जुन्या रेडिओसारख्या काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पबद्दल कोणी सांगेल की त्यात फरक ऐकू येतो. येतो, मी अमान्य करत नाही. ट्रान्सफॉर्मर नसलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स शंभर ओहमच्या पुढे असू शकतो. एचडी ६५० चा इम्पीडन्स खालच्या स्वरांत, ऐंशी-शंभर हर्ट्झच्या आसपास, पाचशेपर्यंत चढतो. त्यामुळे तिथे साधारण एक डेसिबल वाढतो. ती ऊब म्हणजे तो डेसिबल. फुकटच्या इक्वलायझरमध्ये तेवढाच उचला, तेच मिळेल.

हेडफोनवर मात्र पैसे का, तर आवाज तिथे घडतो. दोन चांगल्या अ‍ॅम्पमधला फरक डेसिबलच्या दहाव्या भागात मोजावा लागतो, दोन चांगल्या हेडफोनमधला पाच-पाच, आठ-आठ डेसिबलचा असतो, तोही तुमच्या डोक्याच्या आकाराप्रमाणे बदलणारा. चष्मा लावत असाल तर उशी कानाभोवती नीट बसते का ते बघा. एचडी ६०० आणि ६५० मी डोळे झाकून सुचवतो, कारण ६०० हा १९९७ पासून आणि ६५० हा २००३ पासून चालत आलाय, आणि वायर, उशा, हेडबँड, ड्रायव्हर (आतला आवाज काढणारा भाग), सगळं सुटं मिळतं. माझ्या ६५० च्या उशा दोनदा बदलल्या. उशी चेपली की कान ड्रायव्हरच्या जवळ जातो आणि आवाज बदलतो. लोक तेव्हा अ‍ॅम्प बदलतात. उशा मखमली घ्या, आपल्याकडच्या घामात रेक्झिनच्या उशांचे पोपडे निघतात.

आणि पंखा. हे दोन्ही उघड्या पाठीचे हेडफोन आहेत, बाहेरचा आवाज आत येतो. डोक्यावर पंखा फिरत असेल तर तुमच्या अ‍ॅम्पची शांतता किती, हा प्रश्नच उरत नाही. पंखा बंद करून रात्री अकरानंतर ऐका, ते जमणार नसेल तर सरळ बंद पाठीचा घ्या.

सपाट डायाफ्रामचा (आवाज काढणारा पडदा सपाट असलेला) हेडफोन आवडत असेल तर हायफायमॅनचा सुंदरा ऐकून बघा, ३७ ओहमचा आहे, त्याला वर सांगितलेला अ‍ॅम्प पुरतो. बाकी मॉडेलची तुलना करण्याइतके मी घरी आणून ऐकलेले नाहीत. दोन-तीन गोष्टी राहिल्या त्या सांगतो. खूप हळू रेकॉर्ड केलेलं ऐकत असाल किंवा इक्वलायझरमध्ये आवाज सहा-आठ डेसिबल खाली आणत असाल तर डोंगल कमी पडेल, छोटा अ‍ॅम्प घ्याच. नव्वद डेसिबलच्या वर तासन् तास ऐकू नका. आणि तुमच्या मित्रांचा अ‍ॅम्प खरंच वेगळा ऐकू येत असेल तर आधी मीटर लावा. बाजारातला स्वस्त पिवळा मीटर चालणार नाही, त्याची एसीची रेंजच दोनशे व्होल्टपासून असते. दोन व्होल्टची एसी रेंज असलेला घ्या.

बाबांचा अ‍ॅम्प अजून माझ्या टेबलावर आहे, त्यावरच ऐकतो. डबाही आहे, स्विच मागच्याच महिन्यात साफ केला. भावोजी, वाचत असाल तर या दिवाळीला सॅक घेऊन या. या वेळी सोळा नको, बत्तीस फेऱ्या करू.