लग्न केलं की रक्तदाब उतरतो का?

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ४१, अविवाहित, एकटा राहतो. रात्रीचं जेवण बहुधा बाहेरचं, झोपायला दीड-दोन वाजतात. गेल्या महिन्यात रक्तदाब थोडा वाढलेला निघाला. मोठी बहीण म्हणते, "लग्न कर, सगळं आपोआप ताळ्यावर येईल." यात तथ्य आहे का?

उत्तर : बहिणीला दहापैकी चार मार्क. विवाहित माणसं जास्त जगतात, हे ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांनी १८५८मध्येच फ्रान्सच्या आकडेवारीवरून मांडलं होतं. पण त्यात एक गोम आहे. धडधाकट माणसाचं लग्न जमतंही लवकर. मग श्रेय लग्नाला द्यायचं की मूळच्या तब्येतीला?

दारू-सिगारेट लग्नानंतर बऱ्याच पुरुषांची कमी होते, कारण "आता पुरे" म्हणणारं कुणीतरी घरात येतं. (हे बिनपगारी काम बहुतेकदा बायकोच्याच गळ्यात पडतं.) वजनाचं मात्र उलटं. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांच्या तब्येतीच्या वर्षानुवर्षं ठेवलेल्या नोंदींवरून २००७मध्ये दिसलं, की नवरा-बायकोपैकी एक लठ्ठ झाला तर दुसऱ्याची ती शक्यता ३७ टक्क्यांनी वाढते. माझ्याकडे तर जोडीने सुटलेली पोटं रोज येतात.

मला जास्त पटतो तो २०१५चा इंग्लंडमधला अभ्यास, पन्नाशी ओलांडलेल्या जोडप्यांचा. जोडीदारानेही सिगारेट सोडली तेव्हा जवळपास निम्म्या जणांची सुटली. जोडीदार ओढतच राहिला तेव्हा जेमतेम ८ टक्क्यांची. म्हणजे फरक पडतो तो सोबत बदलणाऱ्या माणसामुळे. ते माणूस मित्र, शेजारी, सहकारी कुणीही असू शकतं. आणि घरात रोज खटके उडत असतील तर लग्नाचा फायदा कसला? सतत कडवट भांडणाऱ्या जोडप्यांच्या साध्या जखमासुद्धा सावकाश भरतात, हेही तपासून झालंय.

तेव्हा लग्न करावंसं वाटलं तर जरूर करा, रक्तदाबासाठी नको. आधी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं शांत बसून घरीच रक्तदाब मोजा आणि आकडे लिहून ठेवा. दिवसभराचं मीठ पाच ग्रॅमच्या आत हवं. बाहेरच्या जेवणात ते आपल्या हातात नसतं, म्हणून निदान चार रात्री घरी शिजवा. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चाला, तेही कुणाशी तरी वेळ ठरवून, म्हणजे टाळताना लाज वाटेल. आणि बहिणीला एवढी काळजी आहे ना, मग रोज रात्री अकराला फोन करून "झोपलास का?" विचारायची ड्यूटी तिलाच लावा. रक्तदाबाची वही घेऊन मात्र तुमच्या डॉक्टरांकडे जाच. औषध लागेल की नाही ते त्यांना ठरवू दे. ते बहिणीचंही काम नाही आणि माझंही.