लातुरात जेवणाची डिलिव्हरी सुरू करतोयस, तर हे ऐक

अरे, ॲप नंतर बनव. आधी आठवडाभर एखाद्या खानावळीच्या गल्ल्यापाशी उभा राहा. रात्री क्लास सुटले की तासाभरात सगळ्या ऑर्डरी एकदम येतात, तेव्हा चार पोरं कमी पडतात. दुपारी चारला तीच पोरं गाडीला टेकून बसलेली असतात, पगार मात्र चालूच. धंदा इथंच बुडतो.

सवलती वाटून गिऱ्हाईक येतं, टिकत नाही. उबर ईट्स हे उबरचं जेवण पोचवणारं ॲप २०१७ला भारतात आलं आणि जानेवारी २०२०मध्ये झोमॅटोला विकलं गेलं. बदल्यात उबरला रोख नाही, झोमॅटोचे ९.९९ टक्के शेअर मिळाले. फूडपांडा या तसल्याच ॲपचा इथला धंदा त्याआधीच, डिसेंबर २०१७मध्ये ओलानं घेतला होता.

म्हणून कुणी विकत घ्यायला आलं तर हुरळून जाऊ नकोस. रोख किती, शेअर किती, पोरांचं काय, सगळं लिहून घे. माझा धंदा विकताना मी तोंडी शब्दावर सही केली, आणि महिन्याभरात माझी सहा पोरं घरी बसली. एकाची आई दारात येऊन नुसती बसून राहिली, एक शब्द बोलली नाही. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आणि हो, पिठल्याचा डबा पिशवीत उभाच ठेवायला शिकव. सांडलं की ते घर पुन्हा मागवत नाही.